कोल्हापूरहून सिंधुदुर्ग किनाऱ्याची निसर्गसहल: माणसे चोख, वेळापत्रक मात्र भरती-ओहोटी न पाहता आखलेले

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील बागा, तलाव, खाड्या आणि कांदळवने दाखवणारी तीन दिवसांची निसर्गसहल कोल्हापुरातील एका सहल-संस्थेने यंदाच्या पौष महिन्यात काढली होती. त्या सहलीला मी, माझे सासरे आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघे जाऊन आलो. माणशी साडेसात हजार रुपयांत प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, जेवणखाण, होड्यांचे भाडे आणि पूर्ण वेळ सोबत राहणारा निसर्ग-मार्गदर्शक एवढे सगळे होते. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझी तक्रार एका संस्थेपुरती नाही. कोल्हापुरातून किनाऱ्याकडे जाणाऱ्या ज्या ज्या सहलींना मी आजवर गेले आहे, त्या सगळ्यांचा कार्यक्रम जेवणाच्या वेळा आणि खोल्या ताब्यात मिळण्याची वेळ यांवरून ठरलेला होता. समुद्र मात्र तिथीवर चालतो, आणि हे गणित जुळले नाही तर पैसे भरूनही माणूस किनाऱ्यावरचा निम्मा निसर्ग न पाहताच परततो.

आमच्याकडे रंकाळ्याचा काठ आहे, टाऊन हॉलची बाग आहे, शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे. या ठिकाणी सकाळी जा नाही तर संध्याकाळी जा, झाडे जागच्या जागी असतात. किनाऱ्यावर तसे नसते. सकाळी आठला जेथे गुडघाभर पाणी असते तेथे दुपारी एकला चिखल उघडा पडलेला असतो, आणि त्या दोन्ही वेळी दिसणारे जीव वेगवेगळे असतात. संस्थेच्या पत्रकावर समुद्राकडे धावणाऱ्या कासवाच्या पिल्लांचे मोठे छायाचित्र होते आणि माझ्या मुलाने त्यासाठीच हट्ट धरला होता. वास्तविक ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची लगबग आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यातच चालू होते आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात, त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पिल्ले दिसण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली जातात, पण त्यासाठी फेब्रुवारीपासून पुढे जावे. पत्रकावर हे छापायला एक ओळ पुरली असती.

शुक्रवारी पहाटे सहाला दसरा चौकातून सतरा आसनी गाडी निघाली. गाडी स्वच्छ होती आणि चालक घाटात अतिशय जपून चालवणारे होते. सासऱ्यांना पुढची आसने देण्याची काळजी त्यांनी न सांगता घेतली. राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट या मार्गाने आम्ही उतरलो. राधानगरीचे अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांपैकी एक आहे. घाटमाथ्यावरची ही झाडी पाहिल्याशिवाय खालच्या खाड्यांतले गोडे पाणी कोठून येते हे मुलांना कळत नाही. मार्गदर्शकाने गाडी थांबवून हे समजावून सांगितले, ही गोष्ट मला आवडली. त्यानंतर न्याहारीसाठी एका हॉटेलात सव्वा तास गेला, तो मात्र आवडला नाही.

मार्गदर्शकाबद्दल येथेच लिहिते, कारण या सहलीचे जे काही चांगले झाले ते बव्हंशी त्याच्यामुळे झाले. वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला हा तरुण मूळचा गडहिंग्लजकडचा. झाडाचे शास्त्रीय नाव तो शेवटी सांगत असे. आधी झाडाचे गावातले नाव, मग त्याचा उपयोग, मग त्याला ओळखण्याची एखादी खूण. माझ्या सासऱ्यांनी आजरा भागात तीस वर्षे कृषी सहायक म्हणून काम केले आहे. ते मध्येच दुरुस्ती सुचवत, आणि तो प्रत्येक वेळी, "बरोबर आहे काका, हे मी लिहून घेतो," असे म्हणून खरोखर वहीत टिपून घेत असे. सासरे तीन दिवसांत एकदाही कंटाळले नाहीत.

कुडाळ-मालवण रस्त्यावरचा धामापूर तलाव हा पहिल्या दिवसाचा उत्तम भाग ठरला. हा तलाव १५३० मधला मानला जातो. डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून पाणी अडवले आहे, काठावर भगवतीचे मंदिर आहे आणि मंदिरापासून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन संरचनेचा मान दिला आहे. कोल्हापूरच्या माणसाला पाणी दिसले की रंकाळा आठवतोच, आणि येथे तर माझे मन बराच वेळ तुलना करत राहिले. रंकाळ्याभोवती शहर आहे, येथे भोवती रान आहे. पाण्यावर झाडांची सावली इतकी दाट पडते की काठाजवळचे पाणी भर दुपारीही काळसर हिरवे दिसते. मंदिराच्या बाजूने एक पायवाट झाडीत शिरते, तिच्यावर अर्धा तास चालले की खंड्या, धनेश आणि असंख्य फुलपाखरे भेटतात. आम्हाला ती पायवाट दहाच मिनिटे मिळाली, कारण मालवणात जेवणाची पाने सांगून ठेवलेली होती. मला विचाराल तर धामापूरला सकाळी साडेदहापर्यंत पोहोचावे, न्याहारीची पिशवी सोबत न्यावी, ती गाडीतच संपवावी आणि पुढचे दोन तास त्या काठाला द्यावेत.

आता मुख्य तक्रारीकडे येते. दुपारचे जेवण, तारकर्लीचा मुक्काम, तासभर विश्रांती असे करत आम्ही संध्याकाळी पावणेसहाला मालवणच्या रॉक गार्डनला पोहोचलो. चिवला किनाऱ्याजवळची ही बाग म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकांना लागून केलेली हिरवळ, बसायला बाके, मुलांसाठी खेळणी आणि समोर थेट सूर्यास्त. सूर्यास्त सुंदर होता, त्यात शंकाच नाही. परंतु या जागेचे खरे वैभव बागेत नसून पुढच्या खडकांत आहे. ओहोटीला त्या खडकांमधल्या खळग्यांत पाणी साठून राहते, आणि त्या खळग्यांत समुद्रफुले, शंखांचे जिवंत किडे, कालवे, लहान खेकडे आणि झिंगे अशी एक पूर्ण वसाहत डोळ्यांसमोर दिसते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत या वेळेला 'खडकांमधील जीवसृष्टीचे निरीक्षण' असे लिहिलेले होते आणि मुलासाठी मी भिंगही आणले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र खडकांवर चढलेला होता. मार्गदर्शक ओशाळून म्हणाला, "ताई, आज सप्तमी आहे. मी कार्यालयात सांगितले होते, पण तारखा आधीच जाहीर झाल्या होत्या."

सप्तमीचा आणि भरतीचा संबंध ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असणे उपयोगाचे आहे. कोकणात एक जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमीला हिशेब सव्वापाचचा येतो, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास भरती, आणि त्यांच्या साधारण मध्यावर ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे या पाऊणपटीमागचे कारण आहे. किनाऱ्याच्या निरनिराळ्या जागी ही वेळ तासाभराने मागेपुढे होते, परंतु सहल आखायला आडाखा पुरेसा आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच ते सहाच्या सुमारास. त्या दिवसांत उधाण असते. पाणी जितके वर चढते तितकेच खोल उतरते, आणि सूर्यास्ताच्या वेळी रॉक गार्डनसमोरचे खडक दूरवर उघडे पडतात. उलट सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार धरला असता तर पत्रिकेतले ते निरीक्षण खरोखर झाले असते. भिंतीवर दिनदर्शिका नाही असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. तारीख ठरवताना तिच्यावर एक नजर टाकणे अवघड नव्हते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या भांगाने रॉक गार्डनचा विरस केला त्यानेच दुसरा दिवस साधून दिला. भांगाच्या दिवसांत पाण्याचे प्रवाह मंद असतात, तळाचा गाळ कमी ढवळला जातो आणि पाणी नितळ राहते. शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाल्यावर मुलाने मुखवटा लावून पाण्यावर तरंगत तळाचे प्रवाळ पाहिले. त्याने वर आल्यावर सांगितलेले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे मी स्वतः होडीच्या कडेवरूनही पाहू शकले, इतके पाणी स्वच्छ होते. मालवणच्या समुद्रातला २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि किल्ल्याभोवतीचा पट्टा त्याच्या गाभ्यात येतो, हे बहुतेक पर्यटकांना ठाऊकच नसते. आमच्या होडीवरच्या एका मुलाने मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे पाण्यात टाकायला सुरुवात केली तेव्हा मार्गदर्शकाने त्याला शांतपणे थांबवले. प्रवाळावर वाढणारे शेवाळ खाऊन जगणारे मासे पावाला सोकावले की शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो, असे त्याने सगळ्यांना सांगितले. प्रवाळावर पाय ठेवू नये आणि होडीचा नांगर त्यावर टाकू नये, एवढे पथ्य तरी प्रत्येक गटाने पाळायलाच हवे.

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी येथे फार लिहीत नाही. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिलेला हा किल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, ते मात्र निसर्ग पाहायला निघालेल्याने थांबून पाहावे. मालवणचा हा टापू १८१२ च्या तहापर्यंत करवीर संस्थानाकडे होता, हे मामंजींनी नातवाला तटावर उभे राहून सांगितले, आणि त्यानंतर किल्ला पाहण्यातला त्याचा उत्साह स्पष्टपणे वाढला.

दुपारी देवबागला कर्ली खाडीतून होडीची फेरी होती. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर पाण्यातल्या खेळांची गर्दी आणि यंत्रांचा आवाज इतका होता की तेथे निसर्ग पाहण्यासारखी परिस्थिती नव्हती. आम्ही दहा मिनिटांत निघालो. त्याऐवजी तारकर्लीच्या वाळूवर संध्याकाळी जे पाहिले ते माझ्या कायम लक्षात राहील. वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल पसरलेली होती. पान आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले, पण जाड आणि चकचकीत. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराचे. मार्गदर्शकाने वेल न उपटता तिच्या एका पेराजवळची वाळू बोटांनी हलकेच बाजूला केली. प्रत्येक पेराला मुळे फुटलेली होती आणि प्रत्येक मुळाला वाळूचे कण घट्ट बिलगलेले होते. समुद्राने आपली मर्यादा ओलांडू नये म्हणून राखण करणारी ती मर्यादवेल, असा या नावाचा अर्थ त्याने लावला. त्याच वेलीवरून चारचाकी नेल्याच्या ताज्या खुणा चार पावलांवर होत्या. बागेतल्या गुलाबाच्या वाफ्यावरून कोणी गाडी नेणार नाही. येथे कुंपण नाही आणि माळी नाही, म्हणून ही बाग आहे हेच लोकांच्या ध्यानात येत नाही.

रविवारी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर होती, आणि संपूर्ण सहलीत माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच. येथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. यंत्र नसल्याने आवाज नाही, धूर नाही, आणि पक्षी उडून जात नाहीत. आम्हाला घेऊन गेलेल्या ताईंनी झाडे एकामागून एक अशी ओळखून दिली की जणू आपल्या आळीतली घरे दाखवत आहेत: हे तिवर, हे कांदळ, ही मारांडी, ही चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केले आहे. तिचे पांढरे फूल रात्री उमलते, म्हणून आम्हाला चांदणीसारख्या निदलांवर बसलेले हिरवे फळ तेवढे दिसले. कांदळाच्या फांद्यांना शेवग्याच्या शेंगांसारखे काहीतरी लोंबत होते. त्या शेंगा नाहीत, ती रोपे आहेत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, हातभर लांब होते आणि मग खाली सुटून चिखलात उभे रुतते. भरतीने वाहून जाण्याआधी रोपाला पाय रोवता यावेत म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे.

तिवराचे एक पान ताईंनी माझ्या मुलाच्या हातात दिले आणि मागची बाजू जिभेला लावून पाहायला सांगितली. त्याने लावली, क्षणभर थांबला आणि "मीठ!" म्हणून ओरडला. मीही लावून पाहिली. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना जेमतेम दिसेल असे पांढुरके मिठाचे कण होते आणि चव समुद्राच्या पाण्याहून तिखट खारी होती. तिवर मुळांतून आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते आणि विसरले होते. आता माझा मुलगा ते विसरणार नाही. झाडांखालच्या चिखलातून बोटभर उंचीच्या खुंट्या शेकड्याने वर आलेल्या होत्या. चिखलात हवा नसते म्हणून तिवराने श्वासासाठी वर काढलेली ती मुळे होती. त्या मुळांमधून निवटे टुणटुण उड्या मारत होते. मासा असून जमिनीवर चालणारा हा जीव, डोक्यावर बसवलेले डोळे गरगर फिरवत, अगदी आमच्या होडीपासून हातभर अंतरावर बसला होता.

असे असूनही आम्हाला फेरी अर्धीच मिळाली, आणि त्याचे कारण पुन्हा तेच. नवमीची भरती सकाळी पावणेसातच्या सुमारास येऊन गेली होती. आम्ही निवांत न्याहारी करून साडेअकराला धक्क्यावर उभे राहिलो तेव्हा पाणी बरेच उतरले होते. कांदळवनाच्या आत शिरणारा अरुंद ओहोळ दाखवून ताई म्हणाल्या, "पाणी सुकाक लागला, ताई. सकाळीच येवक होया होता." होडीचा तळ दोनदा चिखलाला घासला, आणि त्यांनी हुशारीने होडी मुख्य पात्रात वळवली. होडी चालवणाऱ्यांची यात तिळमात्र चूक नाही. त्यांनी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून सकाळी आठची वेळ सुचवली होती, असे नंतर बोलण्यातून कळले. आठला निघालो असतो तर आतल्या ओहोळातून झाडांच्या कमानींखालून जाता आले असते आणि परतताना उतरत्या पाण्यात निवटेही दिसले असते. ही फेरी ठरवणाऱ्यांनी आधी होडीवाल्या ताईंना वेळ विचारावी आणि मग न्याहारीची वेळ ठरवावी.

वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्रही पत्रिकेत होते. आम्ही तेथे पोहोचलो तो रविवार, आणि सरकारी कार्यालय रविवारी बंद असते हे सांगायला नको. फाटकापासून परतावे लागले. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला पाहवली नाही, कारण नोकरीच्या काळात प्रशिक्षणासाठी ते येथे राहून गेले होते आणि नातवाला ती कलमे दाखवायची त्यांची इच्छा होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राची स्थापना १९५७ ची. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबा येथलाच, कोयीचे प्रमाण अगदी कमी असलेला सिंधू आंबाही येथलाच, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तर आजरा-चंदगडच्या बागायतदारांना घरच्यासारख्या परिचयाच्या आहेत. मामंजींनी फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून पलीकडच्या मोहोरलेल्या काजूकडे बोट दाखवले आणि कलम कसे बांधतात ते नातवाला हातानेच करून दाखवले. ज्यांना ही बाग पाहायची असेल त्यांनी कामकाजाचा दिवस निवडावा आणि आधी परवानगी घ्यावी.

शिरोड्याला आम्ही धावतपळत थांबलो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेली येथली मिठागरे हिवाळ्यात पक्ष्यांसाठीही पाहण्यासारखी असतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चालताना आम्ही गाडीच्या खिडकीतून पाहिले. दूरदर्शक आणलेला असूनही उतरायला वेळ दिला गेला नाही. परतीला सावंतवाडीचा मोती तलाव, मग आंबोलीचा घाट. आंबोलीत पावसाळ्यानंतर धबधबा बारीक होतो, तरी हिरण्यकेशीचे उगमस्थान बारमाही आहे. गुहेतून येणारे थंड पाणी मंदिरापुढच्या कुंडात पडते. शिस्टुरा हिरण्यकेशी या लहानशा माशाचा शोध याच पाण्यात लागला आणि त्यामुळे हे स्थळ २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. कुंडाच्या कडेला सर्वांनी पादत्राणे काढून शांत उभे राहावे, असे मार्गदर्शकाने सांगितले आणि गटातल्या लहान मुलांनीही ते ऐकले. हेच पाणी पुढे आजरा आणि गडहिंग्लजवरून वाहत घटप्रभेला मिळते. किनाऱ्यापासून इतक्या जवळ जन्मलेली नदी समुद्राकडे पाठ करून आमच्या जिल्ह्यात येते, हे सांगताना त्या गडहिंग्लजच्या मुलाचा आवाज जरा बदलला होता.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. तारकर्लीच्या खोल्या साध्या, स्वच्छ आणि वाऱ्याच्या होत्या. ज्येष्ठांना तळमजला दिला होता. घरगुती जेवण उत्तम: सोलकढी रोज ताजी, मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या. वाटेतल्या स्वच्छतागृहांची माहिती आधीच काढून ठेवलेली होती, आणि महिलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. होड्यांवर सर्वांना जीवरक्षक जाकिटे दिली गेली आणि ती घातल्याशिवाय होडी हलली नाही. गाडीत कचऱ्यासाठी वेगळी पिशवी होती आणि ती भरून कोल्हापूरपर्यंत परत आणली, याबद्दल संस्थेचे मनापासून कौतुक करते.

परतल्यावर मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. त्यात चार सूचना केल्या. सहलीच्या तारखा पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास धराव्यात, म्हणजे संध्याकाळची ओहोटी रॉक गार्डनला मिळेल. त्या दिवसांत वेंगुर्ल्याची भरती दुपारच्या सुमारास येते, तेव्हा कांदळवनाची फेरी सकाळी उशिरा ठेवता येईल आणि न्याहारीही निवांत होईल. समुद्रातले प्रवाळ पाहणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्यांच्यासाठी भांगाच्या दिवसांत वेगळी सहल काढावी. संशोधन केंद्र शुक्रवारी घ्यावे आणि त्यासाठी मार्ग उलटा फिरवून आंबोलीवरून उतरावे, फोंडा घाटाने चढावे. आणि पत्रकावरचे कासवांचे छायाचित्र फक्त फेब्रुवारी-मार्चच्या सहलींसाठी वापरावे. संस्थेच्या चालकांनी दूरध्वनी करून पत्र नीट वाचल्याचे सांगितले, पहिल्या दोन सूचना मान्य केल्या आणि माघी पौर्णिमेला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारची नवी तारीख मला कळवली. मार्गदर्शक तोच राहणार असेल तर आमची तीन आसने धरावीत, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि मुलाने भिंग पुन्हा पिशवीत भरून ठेवले आहे.